लॅटिन क्रियापद चालवताना: आधी गण, मग प्रत्यय

लॅटिन शिकायला बसलेला माणूस पहिल्या काही दिवसांतच 'अमो, अमास्, अमत्' घडाघडा म्हणू लागतो. पुढे वाक्यात 'रेगेत्' दिसलं की त्याचा अर्थ 'राज्य करतो' असा लावून मोकळाही होतो. खरा अर्थ आहे 'राज्य करील'. पाठांतर कमी पडलं म्हणून ही चूक होत नाही. क्रियापद कोणत्या गणातलं (म्हणजे सारख्या पद्धतीनं चालणाऱ्या क्रियापदांच्या कोणत्या गटातलं) आहे हे न पाहता शेपटाचा प्रत्यय वाचला की ती होते. नवशिक्यांच्या बऱ्याच अडचणी इथूनच निघतात, म्हणून खालचा क्रम सगळा गणाभोवती बांधला आहे. यात फक्त कर्तरी रूपं आणि स्वार्थ (साधं विधान करणारी रूपं) घेतला आहे; आज्ञार्थाचा शेवटी नुसता उल्लेख आहे. कर्मणी आणि बाकीचे अर्थ यानंतर.

तयारी

चारही मुख्य रूपं देणारा आणि दीर्घ स्वरावर आडवी रेघ छापणारा कोश घ्या. एकच रूप आणि त्याचा अर्थ देणाऱ्या शब्दयाद्या या कामाला निरुपयोगी आहेत.

वहीत प्रत्येक काळासाठी एक पान ठेवा. त्यावर पाच उभे रकाने आणि सहा आडव्या ओळी आखा. रकाने गणांचे: चार गण आणि तिसऱ्याचा मिश्र प्रकार. ओळींमध्ये आधी एकवचनाचे तीन पुरुष, मग अनेकवचनाचे तीन. वहीत रूपं रोमन लिपीतच लिहा आणि रेघा गाळू नका.

इथे ती देवनागरीत दिली आहेत. अ-आ, इ-ई, उ-ऊ हा ऱ्हस्व-दीर्घ भेद देवनागरीत आपोआप दिसतो. 'अ' मात्र आखूड 'आ'सारखा म्हणा. 'ए'मध्ये तो भेद लिहिता येत नाही आणि लॅटिनमध्ये नेमका तिथेच जीव अडकतो, म्हणून दीर्घ 'ए'नंतर ऽ ही खूण केली आहे. 'ओ'चं या पाठापुरतं अडत नाही.

नमुन्याची पाच क्रियापदं पक्की करा:

१ला गण: अमो, अमारे, अमावी, अमातुम् (प्रेम करणे)
२रा गण: मोनेओ, मोनेऽरे, मोनुई, मोनितुम् (सावध करणे)
३रा गण: रेगो, रेगेरे, रेऽक्सी, रेऽक्तुम् (राज्य करणे)
३रा मिश्र: कपिओ, कपेरे, केऽपी, कप्तुम् (पकडणे)
४था गण: औदिओ, औदीरे, औदीवी, औदीतुम् (ऐकणे)

टप्पा १: चारही रूपं एका दमात पाठ करा

पहिलं रूप म्हणजे 'मी करतो'. दुसरं 'करणे', म्हणजे भाववाचक रूप. तिसरं 'मी केलं'. चौथ्याचा उपयोग पुढे कर्मणी आणि धातुसाधितांसाठी होतो. आत्ता त्याचं काम नाही, तरी आत्ताच पाठ करा. नंतर शेकडो शब्दांचं चौथं रूप मागे जाऊन पाठ करणं फार कंटाळवाणं होतं.

नवा शब्द कधीही एकट्या पहिल्या रूपात लिहून घेऊ नका. 'स्क्रीबो = लिहिणे' ही नोंद अर्धवट आहे. 'स्क्रीबो, स्क्रीबेरे, स्क्रीप्सी, स्क्रीप्तुम्' ही पुरी. काही कोश नियमित क्रियापदापुढे नुसता १, २ किंवा ४ हा आकडा छापतात. तो गणाचा आकडा असतो. त्यावरून बाकीची रूपं स्वतः लिहून काढा.

टप्पा २: गण ओळखा

एकट्या पहिल्या रूपावरून गण कळत नाही. 'अमो' आणि 'रेगो' दोन्ही ओकारान्त, पण एक पहिल्या गणातलं, दुसरं तिसऱ्या. 'कपिओ' आणि 'औदिओ' तर जुळी भावंडं वाटतात. दुसरं रूप एकटं घेतलं तरी धोका आहे, कारण रेघा न छापणाऱ्या पुस्तकात 'मोनेऽरे' आणि 'रेगेरे' यांचा शेवट सारखाच दिसतो. दोन्ही रूपं जोडीनं पाहिली की मात्र रेघ नसली तरी शंका उरत नाही:

दुसरं रूप -आरे: पहिला गण.
दुसरं -एरे, पहिलं -एओ: दुसरा गण.
दुसरं -एरे, पहिलं नुसतं -ओ: तिसरा गण.
दुसरं -एरे, पहिलं -इओ: तिसरा मिश्र.
दुसरं -ईरे: चौथा गण.

कानालाही ओळख पटवून ठेवा. दुसऱ्या गणात जोर 'ने' वर येतो, मो-नेऽ-रे. तिसऱ्यात तो मागे सरकतो, रे-गे-रे. दोनांहून जास्त अक्षरांच्या शब्दात उपान्त्य (शेवटून दुसरं) अक्षर दीर्घ असेल तर जोर त्यावर आणि ऱ्हस्व असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर, हा लॅटिनचा सरसकट नियम आहे. सुरुवातीपासून नीट जोर देऊन म्हणणाऱ्याची या दोन गणांत सहसा गल्लत होत नाही.

*तपासा:* कोशातून कोणतीही दहा क्रियापदं काढा आणि पहिली दोन रूपं बघून गण लिहा. दहापैकी दहा बरोबर आल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

टप्पा ३: अंग काढा

अंग म्हणजे ज्याला प्रत्यय लागतात तो भाग. दुसऱ्या रूपातून शेवटचं 'रे' काढलं की वर्तमानाचं अंग मिळतं: अमा-, मोनेऽ-, औदी-. तिसऱ्या गणात 'रे'च्या आधीचा ऱ्हस्व 'ए'सुद्धा काढायचा, कारण तो अंगाचा भाग नसून जोडस्वर आहे. राहतं ते व्यंजनान्त 'रेग्-'. मिश्र गणात अंग 'कपि-' असं धरा.

तिसऱ्या रूपातून शेवटचा 'ई' काढला की पूर्णकाळाचं अंग मिळतं: अमाव्-, मोनु-, रेऽक्स्-, केऽप्-, औदीव्-.

एका क्रियापदाची ही दोन अंगं वहीतही वेगळी ठेवा, शक्य तर दोन रंगांत. वर्तमान, अपूर्ण भूत आणि भविष्य पहिल्या अंगावर उभे राहतात. पूर्ण भूत आणि त्याचे दोन सोबती दुसऱ्यावर.

टप्पा ४: वर्तमानकाळ

आधी 'असणे' हे अनियमित क्रियापद: सुम्, एस्, एस्त्, सुमुस्, एस्तिस्, सुन्त्. शाळेत संस्कृत केलेल्यांना 'अस्ति, सन्ति' शेजारी ठेवता येईल. हे एका दिवसात होतं, आणि यातून पुरुषांचे प्रत्ययही कानावर पडतात.

ते प्रत्यय असे: -ओ (इतर काही काळांत -म्), -स्, -त्, -मुस्, -तिस्, -न्त्.

आता गण. पुस्तकं १, २, ३, ४ या क्रमानं जातात. त्यापेक्षा १, २, ४ आणि मग ३ हा क्रम सोपा पडतो. स्वरान्त अंगांचं वागणं एकदा अंगवळणी पडलं की तिसरा गण त्यांच्यापेक्षा कुठे वेगळा जातो तेवढंच लक्षात ठेवायचं राहतं.

१: अमो, अमास्, अमत्, अमामुस्, अमातिस्, अमन्त्
२: मोनेओ, मोनेऽस्, मोनेत्, मोनेऽमुस्, मोनेऽतिस्, मोनेन्त्
४: औदिओ, औदीस्, औदित्, औदीमुस्, औदीतिस्, औदिउन्त्

यात दिसणारे ऱ्हस्व स्वर छापायच्या चुका नाहीत. शेवटी -त्, -न्त् किंवा -म् आला की आधीचा दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. दुसरा स्वर लगेच पुढे आला तरी तेच होतं. म्हणून 'अमास्' पण 'अमत्', 'औदीस्' पण 'औदिओ'. पहिल्या गणाच्या प्रथमपुरुषात अंगाचा 'आ' पुढच्या 'ओ'मध्ये विरून जातो; 'अमाओ' असं रूप नाही. चौथ्या गणाच्या शेवटच्या रूपात जास्तीचा 'उ' येतो, तेवढा वेगळा पाठ करा.

आता तिसरा:

३: रेगो, रेगिस्, रेगित्, रेगिमुस्, रेगितिस्, रेगुन्त्
मिश्र: कपिओ, कपिस्, कपित्, कपिमुस्, कपितिस्, कपिउन्त्

'रेग्-'ला थेट -स् किंवा -त् लागत नाही, मध्ये जोडस्वर हवा. तो साधारणपणे ऱ्हस्व 'इ' असतो, -न्त्च्या आधी 'उ', आणि भाववाचकात 'र'च्या आधी 'ए'. वर्तमानात दीर्घ जोडस्वर कुठेच नाही. मिश्र गण पहिल्या आणि शेवटच्या रूपात चौथ्यासारखा दिसतो, पण मधल्या चारही रूपांत त्याचा 'इ' ऱ्हस्वच राहतो: औदीमुस्, पण कपिमुस्.

*सावधान:* तिसऱ्या गणाचं वर्तमान 'रेगेस्, रेगेत्' असं चालवू नका. भाववाचकातला 'ए' डोक्यात राहिला की हमखास असं होतं. 'ए' घातलात की काळ बदलतो. ते टप्पा ७ मध्ये येईल.

मराठीतून येणाऱ्या चुका

लॅटिन क्रियापदाच्या या रूपांत लिंग नसतं. 'अमत्' म्हणजे तो प्रेम करतो, ती करते, ते करतं, आणि 'करत आहे' हेही त्यातच. 'करते'साठी वेगळं रूप शोधत बसू नका. -तिस् हा प्रत्यय आदरासाठी वापरायचा नाही. समोरची व्यक्ती एकच असेल तर ती कितीही मोठी असो, -स् च. 'आम्ही' आणि 'आपण' दोघांनाही -मुस्. आणि कर्त्याचं सर्वनाम दर वाक्यात घालायची गरज नाही, प्रत्ययानं ते काम केलेलं असतं.

सगळ्यांत चिवट चूक भूतकाळातली. मराठीत 'मुलीने पत्रे लिहिली' असं म्हणताना क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. लॅटिनमध्ये ते कायम कर्त्याकडे बघतं. मुलगी एक, म्हणून 'पुएल्ल एपिस्तुलास् स्क्रीप्सित्', पत्रं कितीही असोत. उलट 'मुलींनी पत्र लिहिलं' हे 'पुएल्लाए एपिस्तुलम् स्क्रीप्सेऽरुन्त्'. मराठी वाक्यातल्या 'ने' आणि 'नी'वर बोट ठेवा. तो शब्द लॅटिनमध्ये कर्ता होतो आणि क्रियापदाचं वचन त्याच्याकडून घ्यायचं.

टप्पा ५: अपूर्ण भूतकाळ

हा सर्वांत नियमित काळ. 'करत होतो', 'करत असे' असे दोन्ही अर्थ यात बसतात, म्हणजे आपला रीतिभूतकाळही इथेच. अंग + बा + प्रत्यय, आणि प्रथमपुरुषात -म्: अमाबम्, अमाबास्, अमाबत्, अमाबामुस्, अमाबातिस्, अमाबन्त्.

बाकी गणांत 'बा'च्या आधी दीर्घ 'ए' असतो: मोनेऽबम्, रेगेऽबम्, कपिएऽबम्, औदिएऽबम्. मिश्र आणि चौथ्या गणात 'इ' आणि 'ए' दोन्ही हवेत. 'औदीबम्' आणि 'कपेऽबम्' ही नवशिक्यांची नेहमीची चुकीची रूपं.

'असणे' याचं: एरम्, एरास्, एरत्, एरामुस्, एरातिस्, एरन्त्. हे आत्ताच पक्कं करा, पुढच्या टप्प्यात जसंच्या तसं कामाला येतं.

टप्पा ६: पूर्ण भूतकाळ, भविष्याच्या आधी

बहुतेक अभ्यासक्रमांत आधी भविष्यकाळ असतो. क्रम उलटा केलेला बरा. पूर्ण भूतकाळात गणाचा प्रश्नच येत नाही, सगळ्या क्रियापदांना तेच सहा प्रत्यय: -ई, -इस्ती, -इत्, -इमुस्, -इस्तिस्, -एऽरुन्त्.

अमावी, अमाविस्ती, अमावित्, अमाविमुस्, अमाविस्तिस्, अमावेऽरुन्त्. याच चालीवर रेऽक्सी, रेऽक्सिस्ती, आणि 'असणे' याचं फुई, फुइस्ती.

अवघड आहे ते अंग. पहिल्या गणात बहुतेक वेळा -आवी, दुसऱ्यात -उई, चौथ्यात -ईवी, पण तेवढ्यावर विसंबू नका. 'विदेओ' (पाहणे) दुसऱ्या गणातलं असूनही त्याचं तिसरं रूप 'वीदी' आहे. 'वेनिओ' (येणे) चौथ्यातलं, तिसरं रूप 'वेऽनी'. तिसऱ्या गणाला तर नियमच नाही. कुठे 'स्' लागतो (स्क्रीप्सी), कुठे नुसता स्वर दीर्घ होतो (लेगो, पण लेऽगी: वाचणे), कुठे संस्कृत लिट्‌सारखं द्वित्व होतं, म्हणजे सुरुवातीचं अक्षर दोनदा येतं (कुर्रो, कुकुर्री: धावणे). म्हणूनच टप्पा १ मध्ये चार रूपांचा आग्रह धरला.

*सावधान:* -इत् आणि -इमुस् हे शेवट तिसऱ्या गणाच्या वर्तमानातही आहेत आणि इथेही. निर्णय अंगावरून घ्या: रेगित् 'राज्य करतो', रेऽक्सित् 'राज्य केलं'. 'लेगित्' (वाचतो) आणि 'लेऽगित्' (वाचलं) यांत फरक फक्त रेघेचा. रेघ छापलेली नसेल तर वाक्यातल्या इतर क्रियापदांच्या काळावरून ठरवावं लागतं.

याच अंगापुढे -एरम्, -एरास्, -एरत् लावलं की 'केलं होतं': अमावेरम्. -एरो, -एरिस्, -एरित् लावलं की 'केलेलं असेल': अमावेरो. या दुसऱ्याचं शेवटचं रूप 'अमावेरिन्त्'. पूर्ण भूतातल्या 'अमावेऽरुन्त्'शी त्याची गल्लत करू नका.

टप्पा ७: भविष्यकाळ

इथे गण दोन गटांत फुटतात.

१ला आणि २रा: अंगापुढे -बो, -बिस्, -बित्, -बिमुस्, -बितिस्, -बुन्त्. अमाबो, अमाबिस्, मोनेऽबो, मोनेऽबिस्.

३रा, मिश्र आणि ४था: -अम्, -एऽस्, -एत्, -एऽमुस्, -एऽतिस्, -एन्त्. रेगम्, रेगेऽस्, रेगेत्, रेगेऽमुस्, रेगेऽतिस्, रेगेन्त्. तसंच कपिअम्, कपिएऽस् आणि औदिअम्, औदिएऽस्.

आता 'मोनेत्' आणि 'रेगेत्' एकाखाली एक लिहा. शेवट हुबेहूब तोच. पण 'मोनेत्'मधला 'ए' अंगाचा आहे, म्हणून वर्तमान: 'सावध करतो'. 'रेगेत्'मधला 'ए' बाहेरून आला आहे, म्हणून भविष्य: 'राज्य करील'. हीच गत 'दोकेऽस्' (दोकेओ, दोकेऽरे: शिकवणे) आणि 'दूकेऽस्' (दूको, दूकेरे: नेणे) यांची. पहिलं 'शिकवतोस', दुसरं 'नेशील'.

उलटा सापळाही आहे. 'स्क्रीबित्' पाहून -बित् दिसतं आणि 'लिहील' असा अर्थ लावला जातो. तिथला 'ब' धातूचाच आहे. अंग स्क्रीब्-, प्रत्यय -इत्, अर्थ 'लिहितो'. 'लिहील'साठी 'स्क्रीबेत्'.

'असणे' याचं भविष्य: एरो, एरिस्, एरित्, एरिमुस्, एरितिस्, एरुन्त्.

*तपासा:* पाचही नमुन्यांचं तृतीयपुरुषी एकवचन वर्तमान आणि भविष्यात शेजारी शेजारी लिहा: अमत् / अमाबित्, मोनेत् / मोनेऽबित्, रेगित् / रेगेत्, कपित् / कपिएत्, औदित् / औदिएत्. ही दहा रूपं न अडखळता सांगता आली तर भविष्यकाळ आला म्हणा.

टप्पा ८: उलटीकडून वाचा

रूपं चालवता येणं वेगळं आणि ओळखता येणं वेगळं. वाचताना रूप उजवीकडून सोडवा. आधी पुरुषाचा प्रत्यय, मग त्याच्या आधीची काळाची खूण, मग उरलेलं अंग. ते अंग कोणत्या क्रियापदाचं ते कोशात पाहा, गण लिहा, आणि काळाचं नाव त्यानंतरच घ्या. काळ आधी ठरवून गण नंतर पाहिला की 'रेगेत्'ची चूक परत होते.

सरावासाठी ही सहा. डावीकडचं झाकून न ठेवता उजवीकडचं झाका:

हबेन्त् (हबेओ, हबेऽरे): २रा गण, वर्तमान, 'त्यांच्याकडे आहे'
मित्तेन्त् (मित्तो, मित्तेरे): ३रा गण, भविष्य, 'पाठवतील'
औदिएत् (औदिओ, औदीरे): ४था गण, भविष्य, 'ऐकेल'
लबोराबित् (लबोरो, लबोरारे): १ला गण, भविष्य, 'काम करील'
वेऽनेरन्त् (वेनिओ, वेनीरे, वेऽनी): पूर्णकाळाचं अंग, 'आले होते'
दोकेऽबामुस् (दोकेओ, दोकेऽरे): २रा गण, अपूर्ण भूत, 'आम्ही शिकवत होतो'

अपवाद कधी घ्यायचे

वरचं सगळं बसल्यावर पहिलं 'पोस्सुम्' (शकणे) घ्या. ते 'सुम्'लाच पुढे जोड लावून होतं. 'स'च्या आधी पोस्-, स्वराच्या आधी पोत्-: पोस्सुम्, पोतेस्, पोतेस्त्, पोस्सुमुस्, पोतेस्तिस्, पोस्सुन्त्. मग 'एओ, ईरे' (जाणे) आणि 'फेरो, फेर्रे, तुली, लातुम्' (वाहून नेणे). 'दो, दरे, देदी, दतुम्' (देणे) पहिल्या गणासारखं चालतं, पण 'दास्' सोडलं तर वर्तमानात त्याचा स्वर ऱ्हस्व असतो: दमुस्, दतिस्. 'दामुस्' नव्हे.

आज्ञार्थात एका व्यक्तीला सांगताना भाववाचकातून 'रे' काढलं की झालं: अमा, मोनेऽ, रेगे, कपे, औदी. चार क्रियापदं मात्र शेवटचा स्वर टाकतात: दीक् (सांग), दूक् (ने), फक् (कर), फेर् (वाहून ने).

कोशात पहिलं रूप -ओर् असं संपणारं क्रियापद दिसलं, उदाहरणार्थ 'होर्तोर्, होर्तारी' (प्रोत्साहन देणे), तर ते वरच्या कोणत्याही रकान्यात बसवायला जाऊ नका. त्याचं रूप कर्मणी आणि अर्थ कर्तरी असतो. कर्मणीचे -र्, -रिस्, -तुर् हे प्रत्यय शिकेपर्यंत ते वहीच्या शेवटच्या पानावर नुसतं नोंदवून ठेवा.